भाऊ खातूंचा शुक्रवार

भाऊ, तुमची शोकसभा परवा झाली. शारजातल्या त्याच हॉलमध्ये, जिथे गणपतीला तुम्हाला स्टेजवर बोलवायचं की नाही यावरून कमिटीत दरवर्षी वाद व्हायचे. यंदा वाद झाला नाही. तुमच्या फोटोला हार घालून तो टेबलावर ठेवला आणि तुम्ही गप्प होतात, त्यामुळे सगळ्यांचं काम सोपं झालं.

भाषणं झाली. कोणी तुम्हाला परखड म्हणालं, कोणी आपल्या संस्कृतीचा पहारेकरी म्हणालं. एक जण म्हणाला, ‘भाऊंचे विचार सगळ्यांना पटोत न पटोत, पण माणूस मोठा होता.’ तुम्ही असतात तर तिथेच त्याला थांबवलं असतंत, ‘न पटणारे कुठले तेवढं सांगा की, हबीबी, मग पुढे बोला.’ पण कुठले ते कोणीच सांगितलं नाही. मी आणि माझा नवरा विल्सन मागच्या रांगेत बसलो होतो. कमिटीचा सेक्रेटरी माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘रेजिनाबाई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर प्रोग्राम केलात, दोन शब्द बोला.’ मी म्हटलं, दोन शब्दांत होणार नाही. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मांडायला गेला.

म्हणून इथे बोलते आहे. आता तुम्हाला मधे तोडता येणार नाही, याची मला अजून सवय झालेली नाही.

पहिल्यांदा भेटलो ते उम्म अल कुवैनच्या रेडिओ स्टेशनवर. दर शुक्रवारी सकाळी एक तास मराठीत कार्यक्रम सुरू होणार होता, एका किराणा व्यापाऱ्याने तो तास विकत घेतला होता. फोन घेऊन, बोलणाऱ्याचं नाव-गाव विचारून लाईन आत द्यायला मराठी येणारी बाई हवी होती. मी अजमानला राहायची, आठवडाभर एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात सेक्रेटरी, शुक्रवार मोकळा. तुम्ही शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अ‍ॅल्युमिनियमच्या कंपनीत स्टोअरकीपर. पांढरा हाफ शर्ट, कपाळाला बारीकसं गंध, हातात चहाचा थर्मास. माझं नाव ऐकून तुम्ही म्हणालात, ‘अरे वा, ख्रिश्चन असून मराठी चांगलं आहे तुमचं.’

मी म्हटलं, ‘भाऊ, वसईला आम्ही प्रार्थनासुद्धा मराठीत म्हणतो. तुमचं मराठी पण चांगलं आहे, कोकणातले असून.’

तुम्ही इतके हसलात की थर्मासचं झाकण खाली पडलं. मला तेव्हाच कळलं की या माणसाबरोबर काम करता येईल. याच्या बोलण्याचा राग येईल, हेही तेव्हाच कळलं.

कार्यक्रमाचं नाव तुम्हीच ठेवलंत, ‘घरचं बोलणं’. सुरुवातीला गावाकडची ख्यालीखुशाली, सणवार, कोणाचा पासपोर्ट हरवला, कोणाला गावी निरोप द्यायचाय. महिना-दोन महिन्यांत तुम्ही तुमच्या मूळ रंगावर आलात. आपली माणसं परदेशात येऊन बिघडत चालली आहेत, हा तुमचा विषय. मुलं आईबापांना इंग्रजीत उत्तरं देतात. बायका ऑफिसात जातात आणि घरात बेकरीतली अरबी रोटी, कुबूस, आणून खायला घालतात. पोरी जातीबाहेर बघतात. लेबर कॅम्पातल्या पोरांना दारूचा आणि हॉटेलातल्या नाचगाण्याचा नाद लागलाय. तुमचा आवाज असा होता, भाऊ, की वाईटातलं वाईट बोललात तरी घरातलं मोठं माणूस ओरडतंय असं वाटायचं. कॅम्पातली पोरं एका रेडिओभोवती आठ-दहा जण बसून तुम्हाला ऐकायची. तिकडे दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटमधल्या बायका स्टेशनला फोन करून विचारायच्या, हा माणूस कोण आम्हाला शिकवणारा? त्यांचे फोनही मीच घ्यायची. लाईन आत दिली की तुम्ही त्यांच्याशी भांडायचात, आणि पुढच्या शुक्रवारी त्याच बायका पुन्हा फोन करायच्या.

आणि मग परतीचा रस्ता. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये तुम्ही किती वेळा नापास झालात ते तुम्ही मला कधी खरं सांगितलं नाही. त्यामुळे जाता-येता मी चालवायची आणि तुम्ही शेजारी बसायचात. बायकांनी गाडी चालवू नये, असं मात्र रेडिओवर कधी म्हणाला नाहीत. मी एकदा तसं बोलून दाखवलं. तुम्ही खिडकीबाहेर खाडीकडे बघत म्हणालात, ‘रेजिनाबाई, घरी पोचायचं असतं माणसाला.’

त्या गाडीत आपण प्रत्येक गोष्टीवर भांडलो. मुलींच्या शिक्षणावर, चर्चवर, देवळांवर, माझ्या बाहीच्या लांबीवर. मी म्हणायची, तुम्ही स्वतः शारजात रोलाला एका खोलीत सहा पुरुषांबरोबर बेड-स्पेस घेऊन राहता आणि माईकवर लोकांना संसार शिकवता. खूप पुढे, दुसऱ्याच कुठल्या बोलण्यात, तुम्ही सांगितलंत की फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार तुम्हाला कंपनीने कधी दिलाच नाही. सुलभावहिनी चिपळूणजवळ गावी, मुलगी मंजिरी तिथेच. दोन वर्षांनी एकदा तुम्ही महिन्याभरासाठी जायचात. दुबईत बायको जवळ असून तिची किंमत नसलेले पुरुष बघितले की तुमचं डोकं फिरायचं. मला ते समजलं, भाऊ. म्हणून तुमचं म्हणणं पटलं असं नाही. पण तुम्ही ओरडत होतात ते कुठून, ते समजलं.

विल्सनची गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. माझा नवरा तुमचा चाहता होता. शिपयार्डात फोरमन होता, परांचीवरून पडला आणि पाठ कामातून गेली. त्यानंतर तो घर सांभाळायचा आणि मी पगार आणायची. तुम्ही माझ्या घरचं कधी विचारलं नव्हतं, मीही सांगत बसले नव्हते. शुक्रवारी सकाळी विल्सन किचनमध्ये रेडिओ लावून स्वयंपाक करायचा.

एका शुक्रवारी तुम्ही सुरू झालात. ‘आपल्यात आता एक नवीन जात निघाली आहे. बायको पर्स लटकवून ऑफिसला जाते आणि नवरा घरात बसून कांदा चिरतो. त्या घरातली पोरं कोणाला घाबरणार? त्या घराला पुरुष आहे म्हणायचं की नाही?’ कॅम्पातून फोनवर फोन यायला लागले, सगळे हसत होते. मी ते आत देत होते. पुढचा फोन उचलला आणि आवाज ओळखला. मी हळूच म्हटलं, ‘विल्सन, ठेव.’ तो म्हणाला, ‘नाव-गाव विचारायचं असतं ना तुझं? विल्सन तुस्कानो, अजमान. दे लाईन.’

मी दिली.

‘भाऊ, मी तुमचा प्रोग्राम कधी चुकवत नाही,’ तो म्हणाला. ‘आत्ताही ऐकतोय. कांदाच चिरतोय.’

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं गंमत करतोय. ‘बोला विल्सनभाई.’

‘माझी पाठ गेली. उभा राहतो, पण जड काम होत नाही. बायको ऑफिसला जाते. दोन पोरं आहेत. ती मला घाबरत नाहीत, हे तुम्ही बरोबर बोललात. आता मला सांगा, त्यांनी घाबरावं म्हणून मी काय करू?’

तो चिडलेला नव्हता, भाऊ. मला त्याचा आवाज माहीत आहे. तो खरंच विचारत होता. तुम्ही मोठे, तुम्हाला माहीत असेल, अशा भरवशाने. रेडिओवर शांतता पसरली. ती घरोघरी ऐकू जाते, तुमच्याआमच्या गप्प बसण्यासारखी चार भिंतींत राहत नाही.

तुम्ही घसा साफ केलात. ‘मिसेस कुठे कामाला आहेत तुमच्या?’

‘ऑफिसात. आणि शुक्रवारी तिथेच, तुमच्यासमोर, काचेच्या पलीकडे.’

तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. तेवढं एकदाच. मग माईकमध्ये म्हणालात, ‘पुढचा कॉल घेऊ या.’

परतीच्या रस्त्यावर तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. अजमान आलं तेव्हा म्हणालात, मला इथेच उतरवा, मी टॅक्सी करतो. मी म्हटलं, बसा. आणि तुम्हाला नेहमी सोडायची तिथे, रोलाच्या चौकात सोडलं.

मी वाट बघत होते की तुम्ही माफी मागाल. पुढच्या शुक्रवारी गाडीत बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, ‘विल्सनभाईंना विचारा, आज जेवायला आलो तर चालेल का.’ विल्सनने सुरमईचं कालवण केलं, सुके बोंबील भाजले. तुम्ही भात तीनदा घेतलात आणि सगळा वेळ कोकमावर बोललात, कुठलं, किती घातलं, आधी की मागून. आमची धाकटी दारात उभी राहून बघत होती. तिने मला विचारलं, ‘मम्मी, इज ही द अँग्री अंकल?’ मला कुठे तोंड लपवू असं झालं. तुम्ही तोंडातला घास गिळून तिला म्हणालात, ‘येस. बट टुडे नॉट अँग्री. टुडे हंग्री.’ मुलांच्या इंग्रजीवर तासच्या तास बोलणारे तुम्ही. ती तुमच्या मांडीवर येऊन बसली.

माफी नाहीच. मी एकदा गाडीत सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘मी चुकीचं बोललो नव्हतो, रेजिनाबाई. विषय बरोबर होता. माणूस चुकीचा निघाला.’

‘मग बरोबर माणूस कुठे राहतो, भाऊ? मला पत्ता द्या, मी त्याला फोन करते.’

तुम्ही थर्मासचं झाकण घट्ट केलंत. घरी बसलेल्या नवऱ्यांवर मात्र पुन्हा कधी बोलला नाहीत. विल्सन म्हणतो, हीच माफी. मी म्हणते, नाही, माफी शब्दांत मागतात, आणि शब्द तर तुमच्याकडे भरपूर होते. आम्हा नवरा-बायकोत हा वाद अजून चालू आहे.

तुमच्या दुसऱ्या कामाबद्दल परवा एका वक्त्याने ‘समाजसेवा’ एवढाच शब्द वापरला. त्याला ते काम काय होतं ते माहीत नसावं. कॅम्पात कोणी वारलं की त्याच्या खोलीतली पोरं कंपनीच्या आधी तुम्हाला फोन करायची. तुम्ही ऑफिसातून अर्धा दिवस सुटी काढायचात आणि मला फोन करायचात. मग मयत गावी पाठवायला हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचं एनओसी, व्हिसा कॅन्सल, कॉन्सुलेट, औषध भरून देह टिकवायचं एम्बामिंग, विमानाचं कार्गो. एकेका खिडकीवर तासन्‌तास. साइटवरून पडलेले, उन्हाने गेलेले, झोपेतच गेलेले. वीस-बावीस वर्षांची पोरं, भाऊ. तुम्ही प्रत्येकाच्या गावी स्वतः फोन करायचात. एकदा मी शेजारी होते. पलीकडे आई होती आणि तिला ते कळतच नव्हतं. तुम्ही तिला सांगत होतात, ‘माय, मी त्याच्याजवळ उभा आहे. तो एकटा नाही.’ फोन ठेवून तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. तो पोरगा दारू पिऊन गाडीखाली आला होता, आणि त्याच आठवड्यात तुम्ही दारू पिणाऱ्यांना माईकवर नको नको ते बोलला होतात. आईला तुम्ही सांगितलंत, रस्ता ओलांडताना गेला. खोटं बोललात आणि मला तुमचा अभिमान वाटला.

म्हणून त्या मुलीचं मला अजून समजत नाही.

नाव इथेही घेत नाही. रत्नागिरीकडची होती, शारजात एका पार्लरमध्ये कामाला, आणि एका मल्याळी अकाउंटंटबरोबर तिचं जमलं होतं. लग्न करणार होते. तिच्या दूरच्या काकाने कार्यक्रमात फोन केला आणि तक्रार मांडली. मी लाईन दिली तेव्हा तो ‘गावच्या पोरींबद्दल बोलायचंय’ इतकंच म्हणाला होता. तुम्ही त्याला खोदून विचारत गेलात. कोणाची मुलगी? गाव कुठलं? कुठे काम करते? तो सांगत गेला आणि तुम्ही प्रत्येक गोष्ट पुन्हा मोठ्याने उच्चारलीत. नाव, आडनाव, वाडी, पार्लरचा रस्ता. मी काचेवर हात मारला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. ‘अशा मुलींच्या आईबापांनी,’ तुम्ही म्हणालात, ‘आता तोंड कुठे दाखवायचं?’

तिचा सख्खा भाऊ खोर फक्कानच्या बंदरात कामाला होता. त्यानेही ऐकलं, त्याच्या खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. तो त्याच संध्याकाळी शारजाला गेला आणि तिला मारलं. पार्लरच्या मालकिणीने, उगाच भानगड नको म्हणून, तिला कामावरून काढलं. कामाबरोबर व्हिसा गेला.

पुढच्या शुक्रवारी ती स्टेशनवर आली. कॉरिडॉरमध्ये उभी होती, ओठाजवळ सुजलेलं, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तिने तुम्हाला नमस्कार केला. खरंच केला, भाऊ, वाकून.

‘मला पण बोलायचंय,’ ती म्हणाली. ‘तुमच्या प्रोग्राममध्ये. पाच मिनिटं.’

‘काय बोलणार?’

‘माझं नाव. आणि आम्ही लग्न करतोय, असं.’

तुम्ही म्हणालात, ‘असल्या गोष्टींना मी माईक देत नाही.’

ती रडली नाही. म्हणाली, ‘माझं नाव घ्यायला माईक होता ना?’

तुम्ही तिच्या बाजूने पुढे निघून गेलात आणि गाडीकडे जाऊन उभे राहिलात. मी टेबलावरून किल्ली उचलली. तिचा दंड धरला, तिला गाडीशी आणली, शेजारच्या सीटवर, तुमच्या जागेवर बसवली. तुम्ही दाराला हात लावायला आलात. मी म्हटलं, ‘खलास, भाऊ,’ आणि गाडी काढली. आरशात तुम्ही दिसत होतात, थर्मास हातात, पांढऱ्या उन्हात उभे.

त्यानंतर तीन वर्षं आपण बोललो नाही. तुमच्याबद्दल कानावर येत राहायचं. काही कुटुंबांनी मिळून तक्रार दिली आणि स्टेशनने कार्यक्रम बंद केला. व्यापाऱ्याने तुमच्याकडे पाठ फिरवली. तुम्ही कॅसेटवर बोलून त्या कॅम्पात वाटायला लागलात, पण तोवर एफएम आलं होतं, दिवसभर सिनेमाची गाणी आणि इंग्रजी-हिंदी बडबड, आणि पोरांना तेच आवडायला लागलं. कोणी म्हणालं, भाऊ शुक्रवारी रोलाच्या बाकावर एकटेच बसलेले असतात. कोणी वारलं की अजूनही जातात, बसने. त्या मुलीला मी त्या दिवशी तिने सांगितलं त्या कोपऱ्यावर उतरवलं होतं, नंतर तिचा शोध घेतला. ती गावी परत पाठवली गेली इतकंच कळलं. तिचा तो अकाउंटंट तिच्या मागून गेला असंही कोणी म्हणालं, पण ते मला सांगणाऱ्याला चांगला शेवट आवडत असावा.

मग गेल्या महिन्यात हॉस्पिटलमधून ऑफिसात फोन आला. तुम्हाला अ‍ॅटॅक आला होता आणि ‘जवळचं कोण’ या प्रश्नाला तुम्ही माझं नाव दिलं होतं. मी विल्सनला फोन केला. तो म्हणाला, ‘मला विचारतेस काय? जा.’

तुम्ही किती लहान झाला होतात, भाऊ. गंध नव्हतं, दाढी वाढलेली. मी स्टुलावर बसले. बराच वेळ आपण दोघं मॉनिटरकडे बघत होतो, त्यात काही चालू असल्यासारखं.

तुम्ही म्हणालात, ‘त्या दिवशी टॅक्सी मिळायला फार वेळ लागला.’

मी म्हटलं, ‘मिळाली ना शेवटी?’

‘मिळाली. पठाण होता. सबंध रस्ताभर बोलत होता. मला बोलूच दिलं नाही.’

मला हसू आलं आणि तुम्हालाही आलं, आणि हसताना तुम्हाला दुखलं. तुम्ही माझा हात धरलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ‘रेजिनाबाई, ती मुलगी…’ इतकं म्हणालात आणि मल्याळी सिस्टर बीपी घ्यायला आली. तिने तुम्हाला ‘अप्पा’ म्हणून दटावलं, नो टॉकिंग, आणि तुम्ही, तुम्ही भाऊ खातू, लहान मुलासारखे गप्प झालात. मी म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असताना तुम्ही गेलात.

त्या वाक्याचं पुढे काय होतं, ते मी रोज वेगवेगळं पुरं करून बघते. कधी तुम्ही विचारता, ती कशी आहे. कधी म्हणता, मी चुकलो. आणि कधी, खरं सांगते, तुम्ही म्हणता की विषय बरोबर होता. तुम्हाला मी ओळखते, म्हणून यातलं कुठलंच मला खोडून टाकता येत नाही.

पुढचं सगळं मी आणि विल्सनने केलं. दाखला, एनओसी, व्हिसा कॅन्सल, कॉन्सुलेट. प्रत्येक खिडकीवर तुम्हाला ओळखणारा कोणी ना कोणी निघाला. एम्बामिंगच्या तिथला बांगलादेशी भाई कागदावरचं नाव वाचून म्हणाला, ‘ये तो अपना भाऊ है,’ आणि त्याने आम्हाला रांगेत थांबू दिलं नाही. कार्गोच्या काउंटरवर माणसाने वजन विचारलं तेव्हा मात्र मी विल्सनला पुढे केलं. विल्सनने पाठ धरून, कण्हत, पेटीला हात लावला. कॅम्पातली पोरं ड्युटी सोडून आली होती. बाहेर पार्किंगमध्ये रांगेत उभी होती.

काल, दिवसकार्य आटोपल्यावर, सुलभावहिनींचा फोन आला. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. आवाज शांत, जरा घोगरा. त्यांनी माझे आभार मानले, विल्सनची पाठ विचारली, मंजिरीचं सांगितलं. मग म्हणाल्या, ‘एक विचारू का? ते रेडिओवर काय बोलायचे?’

मला प्रश्नच समजला नाही. त्या म्हणाल्या, ‘इथे कुठे तो रेडिओ लागतो? मी विचारलं की म्हणायचे, असंच आपलं, घरचं बोलणं. मी समजत होते भजनं लावत असतील.’

‘भजनं नाही हो, वहिनी,’ मी म्हटलं. ‘भांडायचे.’

‘ते?’

‘दर शुक्रवारी. सगळ्यांशी. अर्धं दुबई त्यांच्यावर चिडलेलं असायचं.’

मग वहिनी म्हणाल्या, ‘माझ्याशी एकदासुद्धा भांडले नाहीत. महिन्याभरासाठी यायचे, पडवीत बसायचे, वाढलेलं जेवायचे. मी काही म्हटलं की म्हणायचे, तू म्हणशील तसं. मला वाटायचं, या माणसाला कशाबद्दलच काही वाटत नाही. किंवा माझ्याशी बोलण्यासारखं काही नाही.’

मी म्हटलं, मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. त्या म्हणाल्या, ‘सगळं सांगा. नुसतं चांगलं नको.’ मग मी सांगितलं. त्या आईला केलेला फोन सांगितला, विल्सनचा कांदा सांगितला आणि त्या मुलीचंही सांगितलं, फक्त तिचं नाव वगळून. तिचं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘मी तिथे असते तर त्यांना झोपू दिलं नसतं. विचारलं असतं, तुमच्या मंजिरीचं नाव कोणी असं घेतलं तर? रोज विचारलं असतं.’ आणि मग त्या रडायला लागल्या. मंजिरी मागून म्हणत होती, आई, पुरे. मी फोन कानाशी धरून बसून राहिले. हे तुम्ही गेल्याचं रडणं नव्हतं, भाऊ, ते त्यांनी आधीच रडून घेतलं असणार. तुमच्याशी त्यांचं जे भांडण व्हायला हवं होतं ते कधी झालंच नाही, त्याचं होतं.

त्यांच्या वाट्याची भांडणं मला मिळाली.